लहरींचा माग

सन २००८ च्या जुलै महिन्याची २६ तारीख. सायंकाळीं अहमदाबाद शहरांत एकामागून एक असे वीसांवर स्फोट झाले आणि ५६ माणसें प्राणांस मुकलीं. ह्या स्फोटांच्या कांहीं मिनिटें आधीं वृत्तवाहिन्यांच्या कचेऱ्यांत त्यांची आगाऊ वर्दी देणारा एक ई-मेल येऊन पडला होता. पत्र आलें कोठून, ह्याचा माग पोलिसांनीं काढला, आणि तो माग गुजराथेंत न थांबतां थेट ठाण्याच्या खाडीच्या पलीकडे, नवी मुंबईंतील सानपाड्याच्या एका उंच इमारतीपाशीं आला. तेथें एक अमेरिकन गृहस्थ राहत असत. ज्या इंटरनेटच्या जोडणीवरून तें पत्र सुटलें, ती जोडणी त्यांच्या नांवावर होती. त्यांचे संगणक तपासले गेले, त्यांची वारंवार चौकशी झाली, आणि साऱ्या देशाच्या वर्तमानपत्रांत त्यांचें नांव गाजलें. त्यांच्यावर पुढें आरोप मात्र ठेवण्यांत आला नाहीं. घरांतील वाय-फायचें यंत्र परवलीचा शब्द न घालतां उघडें राहिलें होतें आणि त्याच्या लहरीचा उपयोग बाहेरच्या कोणीतरी करून घेतला, असें तपासांतून निघालें.

आज ज्या विषयावर मला आपल्याशीं बोलावयाचें आहे, त्याचें मर्म ह्या घटनेंत सांपडतें. तार माणसाला दारापर्यंत नेऊन पोंचविते. लहर दार ओळखीत नाहीं. ती भिंतींतून जाते, खिडकींतून उतरते, रस्त्यावर उभ्या असलेल्या मोटारींत शिरते. तेव्हां एखादी बिनतारी लहर कोठून निघते हें शोधावयाचें असेल, तर तारेचा टोंकाशीं लिहिलेला पत्ता पुरेसा पडत नाहीं. लहरीचीच साक्ष काढावी लागते. ही साक्ष काढण्याचें सर्वांत साधें साधन म्हणजे तिचें बळ मोजणें.

बळ मोजावयास आतां प्रयोगशाळेची गरज उरलेली नाहीं. आपल्या खिशांतील फोन तें सदोदित मोजीत असतो. पडद्यावर जे तीन-चार पट्टे दिसतात, ते त्या मोजमापाचें बाळबोध रूप होय. एखादें लहानसें मोफत साधन फोनांत बसविलें म्हणजे खरा आंकडा दिसूं लागतो. हा आंकडा डेसिबलांत असतो आणि तो ऋण असतो, ह्यामुळें प्रथम माणूस गोंधळतो. शून्य म्हणजे एक मिलिवॉट, अर्थात् वॉटचा हजारावा भाग, असें धरलेलें आहे. आंकडा दहानें खालीं उतरला कीं शक्ति दहापट घटली असें समजावें. उणे ३० म्हणजे वॉटचा दहा लाखावा भाग. उणे ९० म्हणजे वॉटचा एक लाख कोटीवा भाग! इतक्या क्षीण कुजबुजीवरूनहि यंत्राला दुसऱ्या यंत्राची ओळख पटते, हें आमच्या पिढीला अजून जादूसारखें वाटतें.

आतां, दिवा जितका दूर तितका त्याचा उजेड मंद, हें आपण जाणतों. मग उजेड मोजून दिव्याचें अंतर कां सांगतां येऊं नये? मोकळ्या मैदानांत तें सांगतां येतें. घरगुती राऊटर साधारणपणें एक दशांश वॉटनें बोलतो असें धरल्यास एका मीटरवर आंकडा सुमारें उणे २० येतो, दहा मीटरांवर उणे ४०, शंभर मीटरांवर उणे ६०. अंतर दहापट, शक्ति शंभरपट कमी. परंतु आपण मैदानांत राहत नाहीं. सिमेंटच्या भिंती, सळयांचीं छतें, लिफ्टचा पिंजरा, लोखंडी कपाटें, पाण्याच्या टांक्या आणि स्वतः माणसें ह्या साऱ्यांतून लहर वाट काढते. अशा ठिकाणीं दहापट अंतरास शक्ति हजारपट, कधीं दहाहजारपटहि घटते. ह्याचा परिणाम काय होतो तो पाहा. फोनावर उणे ७० हा आंकडा आला. मोकळ्या जागेचा नियम लावला तर लहर सुमारें ३१६ मीटरांवरून येत आहे. साधारण इमारतीचा लावला तर ४६ मीटरांवरून. दाट बांधणीचा लावला तर १८ मीटरांवरून. आंकडा एकच, पण पहिल्या हिशोबानें तुम्ही पाम बीच रस्ता ओलांडून पलीकडे जाल आणि तिसऱ्या हिशोबानें जिन्याच्या पुढच्या वळणापर्यंतहि जाणार नाहीं!

ह्या एका गोष्टीची नीट समज नसल्यानें माझ्या हातून एकदां अन्याय होतां होतां राहिला, तो प्रसंग सांगतों.

आमची सोसायटी वाशींत आहे; सात मजली, मध्यें हवेसाठीं ठेवलेला उभा चौक, आणि त्या चौकाकडे सर्वांच्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या. सानपाड्याच्या प्रकरणानंतरच्या पावसाळ्यांतली गोष्ट. सेक्रेटरी एके दिवशीं घाईनें माझ्याकडे आले. इमारतींत कोणाचें तरी वाय-फाय उघडें आहे आणि त्याला कोणी नांवहि दिलेलें नाहीं, कारखान्यांतून आलेलें नांव तसेंच आहे, असें त्यांच्या मुलानें त्यांना दाखविलें होतें. "मास्तर, उद्यां पोलीस आपल्या दारांत आले तर काय सांगावयाचें? तुम्ही पदार्थविज्ञान शिकविलें आहे, तुम्हीच शोधा," असें म्हणून त्यांनीं मला कामाला लाविलें. मी यंत्र घेऊन जिना चढूं लागलों. तळमजल्यावर उणे ७८, पहिल्यावर उणे ७१, दुसऱ्यावर उणे ६३, तिसऱ्यावर एकदम उणे ५२. चौथ्यावर पुन्हां उणे ६०, पांचव्यावर उणे ६८. तिसऱ्या मजल्यावरच्या ज्या दारासमोर मी उभा होतों, तेथें तीन विद्यार्थी भाड्यानें राहत होते, तिघेहि परगांवचे. सेक्रेटरींच्या चेहऱ्यावर जें समाधान उमटलें, तें मला अजून आठवतें. त्यांचा संशय आधींच तेथें होता. माझ्या आंकड्यानें त्याला शास्त्राचा शिक्का मिळाला.

त्यांनीं घंटा वाजविली. मुलांनीं दार उघडलें, आम्हांला आंत घेतलें, पाणी दिलें. घरांत राऊटर नव्हताच. तिघेहि आपापल्या फोनावर काम भागवीत होते. आणखी एक गोष्ट मला तेथें लक्षांत आली व मी मनांतून ओशाळलों. त्यांच्या खोलींत आंकडा उणे ६४ वर उतरला होता. लहर त्या घरांत उगम पावत असती तर दाराच्या आंत ती वाढावयास हवी होती. ती बाहेरच्यापेक्षां कमी होती. एवढें एक मोजमाप मीं दार ठोठावण्यापूर्वीं मागितलें असतें तर पुढचा प्रसंग टळला असता. पण तें मोजमाप घ्यावयाला दार उघडावें लागतें, हीहि अडचण आहेच.

त्या रात्रीं मी पुन्हां बसलों आणि सगळें नव्यानें केलें. प्रथम एकेका जागीं एकच आंकडा घेण्याचें सोडून दिलें. वाय-फायच्या लहरीची लांबी सुमारें साडेबारा सेंटिमीटर. सरळ आलेली लहर आणि भिंतीवरून उसळून आलेली लहर ह्या कोठें एकमेकींना बळ देतात तर कोठें एकमेकींना खाऊन टाकतात, आणि ह्या दोन जागांमध्यें चार बोटांचें अंतर असूं शकतें. फोन इंचभर सरकवितां आंकडा दहानें पडतो, तो ह्यामुळें. म्हणून प्रत्येक मजल्यावर मीं हात हळूहळू फिरवीत वीस-वीस आंकडे घेतले आणि त्यांची सरासरी केली. दुसरें असें कीं राऊटर मुळांत किती जोरानें बोलतो हें मला ठाऊक नव्हतें. त्यावर एक सोपा उपाय आहे. दोन जागांच्या आंकड्यांची वजाबाकी केली कीं मुळचा जोर त्या वजाबाकींत नाहींसा होतो. उरतें तें फक्त दोन अंतरांचें गुणोत्तर. आणि दोन ठिकाणांपासूनचीं अंतरें ठराविक गुणोत्तरांत असणारे बिंदु एका वर्तुळावर असतात, हें अपोलोनियसनें दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीं सांगून ठेविलें आहे. अशीं दोन-तीन वर्तुळें कागदावर काढलीं कीं तीं एका ठिकाणीं छेदतात. निदान पाठ्यपुस्तकांत तरी छेदतात. माझीं वर्तुळें एका जागीं न मिळतां पांचव्या मजल्याच्या आसपास एक जाडजूड ठिपका करून राहिलीं. परंतु तो ठिपका तिसऱ्या मजल्यावर नव्हता, एवढें निश्चित.

तिसरी युक्ति सांगावयास थोडी मौजेची आहे. मनुष्यदेहांत बहुतांश पाणीच असल्यामुळें तो ह्या लहरी चांगल्याच शोषून घेतो. फोन छातीशीं धरून जागच्या जागीं सावकाश गिरकी घ्यावी. ज्या दिशेकडे पाठ केली असतां आंकडा सर्वांत खालीं जातो, लहर साधारण त्या दिशेनें येते. मीं गच्चीवर हा प्रयोग केला तेव्हां पाण्याच्या टांकीजवळ कपडे वाळत घालणाऱ्या एका बाईंनीं माझ्या प्रकृतीची चौकशी केली! पण उत्तर मिळालें. लहर चौकांतून वर येत होती.

पांचव्या मजल्यावर आमचे एक वृद्ध शेजारी राहतात. परदेशीं असलेल्या मुलाशीं बोलतां यावें म्हणून त्यांच्याकडे राऊटर बसविलेला होता, आणि तो स्वयंपाकघराच्या खिडकीच्या फळीवर, चौकाच्या तोंडाशीं ठेवलेला होता. त्याच्या आणि दरवाजाच्या मध्यें दोन भिंती व एक लोखंडी कपाट. म्हणून खुद्द त्यांच्या दारांत आंकडा उणे ६८. उलट चौकांतून खालीं उतरलेली लहर तिसऱ्या मजल्यावर जिन्याच्या उघड्या खिडकींतून सरळ आंत येत होती. म्हणून परक्याच्या दारांत उणे ५२. बळ सर्वांत अधिक जेथें, उगम तेथेंच, हा माझा समज असा खोटा ठरला. आंकडा खोटा नव्हता, आणि तीच त्यांतली खरी फसगत. लहरीच्या वाटेवर अडथळा सर्वांत कमी कोठें आहे तें त्यानें मला सांगितलें होतें. मीं त्याचा अर्थ निराळा केला. दुसऱ्या दिवशीं मी त्या मुलांकडे जाऊन क्षमा मागितली. "काका, त्यांत काय एवढें," असें म्हणून त्यांनीं विषय संपविला, आणि पांचव्या मजल्यावर जाऊन आजोबांच्या यंत्राला परवलीचा शब्दहि त्यांनींच घालून दिला. सेक्रेटरी मात्र क्षमा मागावयास आले नाहींत.

यंत्र वस्तीपर्यंत आणतें आणि तेथून पुढें माणूस बोट दाखवितो, हा प्रकार मुंबईला नवा नाहीं. १९४२ च्या ऑगस्टांत 'चले जाव'ची हांक निघाली, नेते तुरुंगांत गेले, आणि त्याच महिन्यांत ह्या शहरांत एक गुप्त नभोवाणी केंद्र बोलूं लागलें. ४२.३४ मीटर ही त्याची लहर. काँग्रेस रेडिओ म्हणून तें इतिहासांत ओळखलें जातें. उषा मेहता ह्या तेव्हां बावीस वर्षांच्या. त्या व त्यांचे सहकारी बातम्या, भाषणें, गीतें प्रक्षेपित करीत. पोलिसांच्या शोधक गाड्या सतत मागावर असत, म्हणून यंत्र एका जागीं फार दिवस ठेवतां येत नसे. तीन महिन्यांच्या आंत त्यांना अनेकवार जागा बदलाव्या लागल्या.

अशा शोधाची त्या काळची रूढ रीत माझ्या जिन्यावरच्या रीतीपेक्षां शहाणी होती, असें मला कबूल करावें लागतें. चौकटीवर तार गुंडाळून केलेलें एरियल फिरवीत जावयाचें. लहरीच्या रोखानें चौकट धरली म्हणजे आवाज मोठा येतो. पण हा मोठेपणा पसरट असतो, चौकट दहा-पंधरा अंश फिरविली तरी कानाला फारसा फरक कळत नाहीं. तीच चौकट लहरीला आडवी येतांच आवाज एकाएकीं बुडतो, आणि हा बुडण्याचा कोन फार अरुंद असतो. म्हणून जाणता शोधक मोठा आवाज शोधीत नाहीं, तो मौन शोधतो. दोन ठिकाणांहून अशा दोन रेषा नकाशावर ओढल्या कीं त्या जेथें छेदतात तेथें यंत्र. पण दोन अंशांची चूक झाली तर दोन किलोमीटरांवर ती सत्तर मीटरांची होते, आणि गिरगांवांत सत्तर मीटरांत किती चाळी आणि किती बिऱ्हाडें मावतात हें मीं तुम्हांला सांगावयास नको.

१२ नोव्हेंबर १९४२ रोजीं गिरगांवच्या पारेख वाडींत पोलीस घुसले ते केंद्राच्या मंडळींना तेथेंच पकडण्यासाठीं, आणि त्यांना जागा दाखविली ती त्या केंद्राच्याच एका तंत्रज्ञानें. उषा मेहतांना चार वर्षांची शिक्षा झाली. शोधक गाड्यांनीं त्या मंडळींची झोंप उडविली, त्यांना घरोघर फिरविलें, हें खरें. खोलीच्या दारापर्यंत मात्र माणसाची जीभ गेली.

सानपाड्याच्या प्रकरणानंतर मुंबई पोलिसांनीं जानेवारी २००९ मध्यें लॅपटॉप घेऊन रस्त्यांतून फिरण्याचें व उघडीं वाय-फाय यंत्रें हुडकून काढण्याचें ठरविलें, आणि फेब्रुवारींत दूरसंचार विभागानें अशीं यंत्रें कुलूपबंद ठेवण्याविषयीं सूचना काढल्या. उपाय योग्य होता. हल्लीं नवीन राऊटर बहुधा परवलीचा शब्द घातलेलेच येतात. मात्र ह्याच फिरस्तीची एक दुसरी बाजूहि आहे. रस्त्यांचीं छायाचित्रें घेत जगभर हिंडणाऱ्या गूगल कंपनीच्या मोटारी वाटेंतील घरांच्या वाय-फायचीं नांवें टिपीत असत; उघड्या यंत्रांवरून जाणाऱ्या मजकुराचे तुकडेहि त्यांनीं उचलले होते, हें कंपनीला मे २०१० मध्यें मान्य करावें लागलें. कोणतें यंत्र कोठें आहे ह्याच्या अशा याद्या आतां इतक्या भरल्या आहेत, कीं आपला फोन त्यांचा उलट उपयोग करतो. आसपासच्या दहा-वीस राऊटरांचें बळ पाहून तो स्वतः कोठें आहे तें ठरवितो. घराच्या आंत, जेथें उपग्रह दिसत नाहींत, तेथें तो बव्हंशीं ह्याच साक्षीवर विसंबतो. ही कल्पना २००० सालीं मायक्रोसॉफ्टमधील परमवीर बहल व वेंकट पद्मनाभन ह्या संशोधकांनीं इमारतीच्या आंत करून दाखविली होती. भिंतींचा हिशोब मांडण्याबरोबरच ते मजलाभर चालले, जागोजागीं बळाचे आंकडे टिपले, आणि मग नव्या आंकड्याची त्या वहीशीं गांठ घालून पाहिली. मास्तरकी करणाऱ्या माणसाला हें थोडें लागतें, पण चालणारा येथें मांडणाऱ्याच्या पुढें गेला.

राहतां राहिला सानपाड्याचा तो अज्ञात माणूस. त्या दिवशीं एखादा निष्णात मनुष्य सारीं साधनें घेऊन त्या इमारतीखालीं उभा असता तर? राऊटर त्याला खास सांपडला असता. त्या राऊटराची लहर कोठवर पुरते ह्याचा नकाशाहि त्यानें काढला असता, आणि त्या नकाशांत आसपासचीं अनेक बिऱ्हाडें, वाहनतळ व रस्त्याचा कांहीं भाग आला असता. पण पत्र धाडणाऱ्याचें यंत्र त्या लहरीवर बोललें असेल तें कांहीं मिनिटेंच. बळ मोजावयाचें तें लहर चालू असतांना. ती थांबली कीं मोजणाऱ्याच्या हातीं कांहीं राहत नाहीं. राऊटराच्या स्मरणांत फार तर एक क्रमांक उरतो, कोणत्या यंत्रानें दार ठोठावलें त्याचा, आणि तो क्रमांकहि बदलतां येतो. तेवढ्या नकाशावरून संशय कोणावर घ्यावयाचा? त्या वर्तुळांत राहणाऱ्या प्रत्येकावर घ्यावा लागला असता, आणि वर्तुळाचा मध्य ज्याच्या घरांत पडतो त्याच्यावर सर्वांत आधीं. प्रत्यक्षांत झालें तें असेंच.